न भाजलेला राब

आमच्या क्वार्टरमध्ये लाइट जायची नाही. आज हे कुणाला सांगितलं तर म्हणतील, मग त्यात काय एवढं? पण दोन हजार साल उलटल्यानंतरची ती वर्षं आठवा. मुरबाडच्या बाजारात भर दुपारी गिरणीपुढं पिठाचे डबे रांगेत ठेवलेले आणि गिरणीवाला ओट्यावर आडवा. झेरॉक्सवाला दारात उभा राहून रस्ता बघतोय. भाजीवाली पुठ्ठ्यानं वारा घेतेय. आणि मला माहीत, की मी पिशवी घेऊन घरी जाणार, कुलूप काढणार आणि बटण दाबल्याबरोबर पंखा फिरणार. कुणी विचारलंच, "तुमच्याकडं हाय का गो लाइट?" तर मी म्हणायची, "येते-जाते." येते-जाते कसली! मेली जायचीच नाही.

खरं तर मी खोटं बोलणारी बाई नव्हे. फटकळ आहे, तोंडावर बोलते, त्यापायी माणसं तुटली तरी बोलते. पण लाइटचं खरं सांगायची मला चोरी वाटायची. दुसऱ्याच्या ताटातलं आपण खातोय असं काहीतरी वाटायचं, आणि ते तसं नव्हतंही, कारण ती लाइट कुणाची हिसकावलेली नव्हती. ती आमच्या कारखान्यानं स्वतः केलेली होती.

कारखाना कागदाचा. माझं लग्न झालं तेव्हा, नव्वद सालानंतरच्या वर्षांत, तो बोर्डाच्या लाइटवर चालायचा. कागदाच्या यंत्राला विजेची एक उचकी लागली तरी चालत नाही. ओला कागद मधेच तुटतो, सगळं थांबतं, सगळा लगदा काढून पुन्हा पहिल्यापासून. शेवटी मालकानं कंटाळून आवारातच कोळशावरचा छोटा पॉवर प्लांट उभा केला. नवरा त्याआधी हेल्पर होता, तो परीक्षा देऊन बॉयलरचा फायरमन झाला. परीक्षेच्या वेळी त्याचा अभ्यास मी घेतला, म्हणून मला ते सगळं अजून पाठ आहे. कोळसा जाळायचा, पाणी उकळायचं, वाफेच्या जोरावर टर्बाइन फिरवायचा, त्यातून वीज. आणि उरलेली वाफ वाया घालवायची नाही, तिच्यावर कागद वाळवायचा. "तुझा कुकरच हाय," तो म्हणायचा, "फक्त शिट्टी वाजू द्यायची नाय."

पहिल्या वर्षी मी त्याला विचारलं होतं, एवढी वीज करता तर भिंतीपलीकडच्या चार घरांना का देत नाही? तो हसला. म्हणाला, मोठी मोठी केंद्रं लांब खाणींच्या बाजूला असतात, त्यांची वीज अख्ख्या राज्यात फिरते. आमचा बारका प्लांट मालकाच्या यंत्रांसाठी. ती तार बाहेर काढायची तर शंभर परवानग्या, आणि मालकाला कुठं समाजसेवा करायचीय? क्वार्टर भिंतीच्या आत होती म्हणून आम्हाला मिळायची, एवढंच. वीज भिंतीच्या आत राहायची आणि बाहेर यायची ती राख. मागच्या बाजूला तिचा ढीगच्या ढीग. वारं सुटलं की दोरीवरचे कपडे पुन्हा धुवायचे. विटांच्या भट्टीवाले थोडी न्यायचे, बाकीची कुठं टाकायची हा साहेबांच्या डोक्याला ताप. मी वैतागून ओरडायला लागले की नवरा म्हणायचा, "आमी राख काढतो आनि तू ती डोक्यात घालून घेतेस."

आता वहिनीचं सांगते.

माझं माहेर टोकावड्याच्या अलीकडं, मोठ्या रस्त्यावरून आत. आईवडील गेल्यावर घरात भाऊ आणि वहिनी, दोघंच. मूलबाळ झालं नाही. भाऊ आटगावला एका गोदामात कामाला. रोज जाणं-येणं जमण्यातलं नाही, म्हणून आठवडाभर तिकडंच कुणाच्या तरी खोलीवर राहायचा आणि सुट्टीला घरी यायचा. त्या खाण्यापिण्यानं त्याचं पोट कायमचं बिघडलं. त्याच्या मनात होतं की शेत विकावं आणि कामापासून जवळ, आसनगावला स्टेशनच्या बाजूला एक खोली घ्यावी, नवरा-बायकोनं एका छपराखाली राहावं. त्यात त्याचं काही चुकत होतं असं मी म्हणणार नाही. गाडीतून मुंबईची माणसं यायची, काळे चष्मे लावून बांधावर उभी राहायची आणि डोंगर किती छान दिसतो म्हणायची. गिऱ्हाइकाला तोटा नव्हता.

नको म्हणत होती ती वहिनी. तिच्या माहेरी जमीन नव्हती. लहानपणापासून ती दुसऱ्यांच्या शेतात वाकून मोठी झाली. आमच्या घरात आली तेव्हा मी परकर-पोलक्यात होते, आणि मला आठवतंय, पहिल्याच वर्षी आवणी उरकल्यावर ती बांधावर बसून राहिली होती, उठायचं नाव घेईना. आईनं हाक मारली तर म्हणाली, "बघतेय, आई. आपलं हाय ना हे, म्हनून बघतेय." आईला हसू आलं होतं. मलाही.

तर त्या शेताबद्दल नवरा-बायकोत एक दिवस माझ्यासमोरच ठरलं. भाऊ म्हणाला, "ज्या वर्षी तुझ्यानं आवणी होणार नाय, त्या वर्षी मी विकनार. मग रडायचं नाय."

वहिनी म्हणाली, "चालंल. पन मी पिकवतेय तवर कुनाला बांधावर आनायचं नाय."

माझ्याकडं बघून दोघंही म्हणाले, तू साक्षीला. मी म्हणलं, हो. माझ्या वाट्याची हक्कसोड मी आधीच करून दिली होती, त्यामुळं त्या शेतात माझा शब्द चालायचा तो एवढाच, साक्षीचा.

आमच्याकडं भात सरळ शेतात पेरत नाहीत. आधी एका तुकड्यात रोप वाढवायचं, त्याला आम्ही आवण म्हणतो. ते मोठं झालं की उपटून शेतभर लावायचं, ती आवणी. आणि ज्या तुकड्यात आवण वाढवायचं तो उन्हाळ्यात भाजून काढायचा, तो राब. खाली शेण पसरायचं, वर झाडांचे पाल्यासकट तोडलेले डहाळे, म्हणजे कवळ, त्यावर पातेरा, गवत, मग माती, आणि पेटवून द्यायचं. आग सावकाश जमिनीत उतरते. काम ऐकायला सोपं वाटतं. पण कवळ काही दारात वाढत नाही. थंडी सरता सरता डोंगरात जायचं, झाडावर चढून तोडायचं, वाळवायचं, भारे बांधायचे आणि डोक्यावरून उतरवायचे. लग्नाआधी मीही वहिनीबरोबर जायची. ती पुढं, मी मागं, आणि दोघी मिळून भाऊजींची, म्हणजे तिच्या बहिणीच्या नवऱ्याची, टिंगल करायचो. नंतर ती एकटीच जायला लागली.

एका वर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीला माहेरी गेले तर वहिनीचा उजवा हात केसांपर्यंत पोचत नव्हता. भाऱ्यासकट पाय घसरला होता. "काय नाय गो, मुरगळलाय," म्हणाली. पांढरी साडी नेसली होती आणि केस तसेच सोडलेले. मिरवणूक निघायची वेळ झालेली, म्हणून मी तिला समोर बसवून वेणी घातली. मानेवर केसांच्या खाली सगळी कातडी जाड झालेली, काळवंडलेली. संध्याकाळी क्वार्टरवर आले, पंखा लावला, आणि मला तो वारा सोसेना. डोळ्यांत पाणी यायला लागलं. नवरा म्हणाला, काय झालं? मी म्हणलं, काही नाही, राख गेली डोळ्यात. खिडकीतून बघितलं तर समोर ढीग. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिकडं बाई राखेसाठी मरतेय, आणि इकडं राख टाकायला जागा नाही!

मी ठरवलं की ठरवलं. त्याच आठवड्यात नवऱ्याला सांगितलं, पुढच्या वर्षी आपली राख वहिनीच्या राबात. तो जेवता जेवता थांबला.

"कोळशाची राख नि पाल्याची राख एक नसंल गो. भट्टीवाले नेतात, पन शेतात कोन नेत नाय."

"कुणी नेली नाही म्हणून आपण न्यायची नाही?"

"तसं नाय..."

"मग कसं? राख ती राख. तुम्हाला बॉयलर कळतो, शेत कळत नाही."

तो गप्प झाला. माझ्यापुढं तो नेहमीच गप्प होतो, आणि मी त्याचा अर्थ नेहमीच असा घेते की त्याला पटलं. साहेबांना विचारायला त्यालाच पाठवलं. साहेब तर एका पायावर तयार. म्हणाले, न्या, पाहिजे तेवढी न्या, शेताला चांगली असते म्हणतात. कोण म्हणतं, किती घालायची, कशात मिसळायची, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. ओळखीचा ट्रॅक्टरवाला ठरवला. सगळी तयारी झाल्यावर मी माहेरी गेले, पौषात, आणि वहिनीला बातमी दिली.

ती चुलीपुढं बसली होती. ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चांगलं हाय गो. पन मी थोडं कवळ तोडते. आर्ध्या राबापुरतं. आनि तुझी राख एका कोपऱ्यात टाकून बघू."

हे ऐकून मला जो राग आला! मी एवढी धडपड करतेय आणि हिचं आपलं कोपऱ्यात. म्हणलं, "माझ्यावर विश्वास नाही का तुझा? खांदा बघ तुझा. पुन्हा पडलीस तर अंथरुणाला खिळशील, मग आवणी कोण करणार, मी? औंदा डोंगरात जायचं नाही म्हणजे नाही."

"बरं," ती म्हणाली.

पण तिचं बरं मला ओळखीचं होतं. मी गेले की ही कोयता कमरेला लावणार. म्हणून निघताना मी तिचा कोयता फडक्यात गुंडाळला आणि पिशवीत घालून एसटीनं मुरबाडला घेऊन आले. कंडक्टरला मूठ दिसली, तो म्हणाला, "बाई, कुनावर चाललाय?" सगळी गाडी हसली. मीसुद्धा. वहिनी थांब्यापर्यंत पोचवायला आली होती, तीही पदर तोंडाला लावून हसत होती.

राख आली ती उन्हाळ्यात, जयंती झाल्यावर. उडू नये म्हणून पाणी मारून भरली होती. ट्रॅक्टर वाडीत शिरला तेव्हा सगळे बघायला. मी चालकाच्या शेजारी बसून आले होते, काय तो माझा तोरा! वहिनी आणि मी घमेल्यांनी राख पसरली. नुसती शिंपडली नाही, चांगली जाड पसरली, कारण फुकटची होती आणि मला हात आखडता घ्यायचा नव्हता. आजूबाजूला लोकांचे राब धुमसत होते, धुरानं डोळे चुरचुरत होते, आणि आमचा तुकडा मात्र सारवल्यासारखा राखाडी, गुळगुळीत.

शेजारच्या शेतातली म्हातारी काठी टेकत आली. बघितलं, वाकून चिमटीत राख घेतली. "जमीन भाजलीच नाय, तर तण कसं मरंल गो?"

"आजी," मी म्हणलं, "ही बॉयलरमध्ये भाजून आलेली राख आहे. आणखी काय भाजायची?"

आजी गेली. वहिनी माझ्याकडं बघून हसली. तिला माझं कौतुक वाटत होतं, हे मला दिसत होतं. तिला काही कळत नव्हतं असं नाही, आणि सगळं कळत होतं असंही नाही. कोळशाची राख तिनं कधी वापरली नव्हती. बरं होईल अशी तिलाही आशा वाटली असणार. त्या वर्षी तिचा हात केसांपर्यंत पोचायला लागला होता.

पावसाला सुरुवात झाली, पेरणी झाली, आणि काही दिवसांनी किराणावाल्याच्या फोनवरून निरोप आला, "ताईला एकदा येऊन जायला सांगा." कशासाठी ते नाही. मी गेले. घराला कडी होती, म्हणून थेट शेतावर.

वहिनी राबात उकिडवी बसून बोटांनी तण उपटत होती. तण कसलं, रान माजलं होतं. हिरवंगार, टवटवीत. पावसानं राखेचा थर दबून बसला होता, आणि मधे उघडीप पडल्यावर त्याची खपली धरली होती. ती खपली फोडून गवत जोमात वर आलेलं. भाताचा कोंब कुठं एखादा, तोही पिवळा, शेंड्याला करपलेला. बाकीच्यांच्या राबातलं आवण वाऱ्यावर डुलत होतं.

आणि मी काय केलं? हेच मला सांगायला जड जातं. मी तिच्यावर चिडले. "बियाणं जुनं होतं का? पाणी तुंबलं असेल. तू बांध फोडला नसशील वेळेवर." एकामागून एक. ती तण उपटत राहिली. म्हणाली, "आसंल." नुसतं "आसंल."

मग मीही खाली बसले आणि उपटायला लागले. खपली नखांत शिरत होती. तण ओढलं की त्याच्याबरोबर भाताचा कोंबही हातात यायचा. थोड्या वेळानं मला रडू फुटलं. वहिनी म्हणाली, "रडू नको. लोक बघतात."

घरात बियाणं थोडं उरलं होतं, ते तिनं पुन्हा टाकलं, पण पाऊस जोरात होता, बरंचसं वाहून गेलं. आमच्याकडं एकाचं आवण कमी पडलं तर दुसरा देतो, पण स्वतःची आवणी उरकल्यावर. वहिनी रोज संध्याकाळी वाडीत विचारत फिरायची, "उरलंय काय गो?" लोकांनी दिलं, नाही असं नाही. त्या म्हातारीनं तर चांगल्या मुठी बांधून ठेवल्या होत्या, आणि मला बघून एक शब्दही बोलली नाही. पण मागून आणून किती पुरणार? उतारावरचं खालचं खाचर तेवढं लावून झालं. वरची सगळी तशीच पाणी धरून उभी राहिली.

भाऊ सुट्टीला आला तेव्हा मी तिथंच होते. तो बांधावर उभा राहिला. मला वाटलं, आता ओरडेल, शिव्या घालेल. मी तयारीत होते. तो वरच्या मोकळ्या खाचरांकडं बघून म्हणाला, "ठरल्यापरमानं."

वहिनीनं मान हलवली.

मी मधे पडले. म्हणलं, दादा, हे धरू नको, ही माझी चूक आहे, तिच्यानं झालं नाही असं नाही, एक वर्ष सोडून दे. तो माझ्याकडं वळला. "बाय, तू चांगल्यासाठीच केलंस. पन आज तुझी राख, उद्या हिचा खांदा, परवा आनखी काय. मी कवर एकटा ऱ्हाऊ तिकडं?" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. साक्षीदार होते मी. साक्षीदारानं खरं तेच सांगायचं असतं, आणि खरं हेच होतं की आवणी झाली नव्हती.

दिवाळीनंतर शेत विकलं गेलं. घेणाऱ्याला घाई नव्हती, कुंपण पुढच्या पावसाळ्यानंतर घालू म्हणाला. आसनगावची खोली मे महिन्यात मिळणार होती.

त्या हिवाळ्यात आणि पुढं ऊन तापल्यावरही मी घरात कुणाला सुख लागू दिलं नाही. नवऱ्यावर ओरडले, तुम्ही ठामपणे का नाही अडवलंत? साहेबांच्या नावानं बोटं मोडली. कोळशाला, चिमणीला, मालकाला, सगळ्यांना शिव्या घातल्या. बाहेर लोडशेडिंग सुरू झालं की मी पंखा बंद करून बसायची. घामानं निथळत. नवऱ्यानं चार-पाच दिवस बघितलं आणि म्हणाला, "तू पंखा बंद केल्यावर ती लाइट टोकावड्याला जानार हाय काय?" मी ताट आपटलं. पण तो बरोबर बोलत होता, त्या प्लांटचा एक दिवाही भिंतीबाहेर लागत नव्हता. बाहेर गेली ती राख, आणि ती मी नेली.

सगळ्यात वाईट म्हणजे मला कुणी बोललं नाही. दादा नाही, वहिनी नाही, वाडीतलं कुणी नाही. उलट समजूत घालायचे. चांगल्यासाठी केलंस. चांगल्यासाठी केलंस. ते शब्द ऐकले की मला अंगावर उकळतं पाणी पडल्यासारखं व्हायचं. एकदा तरी कुणी कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं.

जयंतीला मी पुन्हा गेले. त्या घरातली ती शेवटची जयंती. अंगणात बांधाबांध सुरू होती, भाऊ निळे झेंडे लावायला विहाराकडं गेला होता. वहिनी कुठं दिसेना. शेताच्या बाजूला धूर दिसला. मला वाटलं शेजाऱ्यांचा असेल. जवळ गेले तर आमच्याच तुकड्यात. आमच्या म्हणजे आता दुसऱ्याच्या.

ती राब भाजत होती. नीट, पद्धतशीर. शेण, कवळ, पातेरा, गवत, माती, सगळं जसंच्या तसं. एवढं कवळ म्हणजे कुणाचा तरी कोयता मागून आठवडेच्या आठवडे डोंगरात गेली असणार, त्या खांद्यानं. एका कडेनं धूर निघत होता आणि ती लांब काठीनं आग पुढं सरकवत होती.

"वहिनी! येडी झालीस काय? विकलंय ते!"

"म्हाईत हाय."

"मग कुणासाठी भाजतेस? तो इथं भात लावणार आहे काय? बंगला बांधणार आहे तो!"

"बांधू दे. ती राख बसलीय, तन माजलंय. आसं नासवून कुनाच्या हातात द्यायचं? आपलं व्हतं तवा चांगलं व्हतं. चांगलं करून देते."

मी एक काठी उचलली आणि दुसऱ्या बाजूनं आग सारायला गेले. धुरानं काही दिसत नव्हतं. आग अर्ध्या तुकड्यापर्यंत आली. मग माझ्यानं राहवलं नाही. काठी टाकून मी तिच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"वहिनी, एकदा मला शिव्या दे. तुझ्या पाया पडते. काय वाटतं ते एकदा बोल. मी तुझ्यासाठीच केलं गं, पण वाटोळं केलं. बोल ना काहीतरी!"

ती थांबली. पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं, नेहमीचंच म्हणेल.

"तू नवऱ्याला इचारलंस," ती म्हणाली. "सायबाला इचारलंस. ट्रॅक्टरवाल्याला इचारलंस. मला नुसतं येऊन सांगितलंस. शेत माझं, खांदा माझा. मी म्हनलं कोपऱ्यात टाकू, तर माझा कोयता घेऊन गेलीस. आनि सगळी हसली, म्हनून मी पन हसले."

मी तोंड उघडलं. तिनं काठी आडवी धरली, थांब म्हणून.

"तू कोयता नेलास त्या रात्रीपासून मी एकच इचार करतेय, ताई. मी तवा का हसले?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मी उत्तर दिलं असतं, मला चढलेल्या आवाजाला उत्तर देता येतं. मी वाकून माझी काठी उचलायला गेले, तर तिनं त्या काठीवर पाय ठेवला.

"ऱ्हाऊ दे. हे मी एकटी भाजते. तू घरी जा."

मी म्हणणार होते, एवढं तरी करू दे. शब्द अगदी जिभेवर आले होते. मग तिच्या तोंडाकडं बघितलं, आणि त्या दिवशी मी तिचं ऐकलं.